अध्यक्षांची हाळी

मेळाव्याचा अध्यक्ष मी कसा झालो, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी त्या सभेला गेलो होतो ते मागच्या रांगेत बसायला. तेलुगू मुलखातल्या आमच्या मराठी गावच्या रैतू वेदिकेत, म्हणजे शेतकऱ्यांच्या बैठकांसाठी सरकारने बांधलेल्या सभागृहात, खिडकीजवळ एक खुर्ची आहे. तिथे उजेड चांगला येतो, आणि भाषणं लांबली तर मांडीवर पुस्तक उघडता येतं.

त्या दिवशी दीपमाला बोलत होती. ती गावच्या शाळेत शिक्षिका आहे. फार वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी, बोथच्या शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती. वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जायचा. त्यामागची मुलं आपापलं पुस्तकातून शिकली आणि माझ्या अंदाजाने तीच पुढे गेली. दीपमाला शेवटच्या बाकावर बसायची.

ती म्हणत होती, "शेतकी खात्याचे लोक येतात, बियाणं आणि खत सांगून जातात. वनखात्याचे लोक येतात, वाघ आणि मोर सांगून जातात. दोघं कधी एकमेकांशी बोलत नाहीत. आणि आपण बसलो मधे. इकडे वावर, तिकडे जंगल, आणि जंगलातलं डुक्कर वावरात. तर या दोघांना एका मांडवाखाली बसवू. शेती आणि वन्यजीव मेळावा. कोणाची वाट पाहायची नाही, आपणच स्वयंसेवकांनी करायचा."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, मी पुस्तक मिटलं. मग अध्यक्ष कोण, हा प्रश्न निघाला. बँकेतून निवृत्त झालेले शामराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, की आपण स्वतः या पदासाठी अजिबात उत्सुक नाही. हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. सभेत चुळबूळ सुरू झाली, कारण शामराव अध्यक्ष झाले तर प्रत्येक बैठक एवढी चालणार हे सगळ्यांना दिसू लागलं.

"लहानू सरांना करू या," दीपमाला म्हणाली.

मी 'नको' म्हणालो. हे मी अगदी खात्रीने सांगतो. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. माझा नकार त्या टाळ्यांखाली गेला आणि तिथेच राहिला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. रुख्मिणीने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी?" एवढंच ती म्हणाली. मलाही तेच वाटत होतं.

*

मेळाव्याला जागा हवी होती. गावालगत सपाट आणि मोकळी अशी जागा एकच होती, देवाजीची. त्याने सोयाबीन काढल्यावर तो तुकडा तसाच पडीक ठेवला होता. बाजूच्या तुकड्यात हरभरा उभा होता, घाट्यांनी, म्हणजे दाणे भरलेल्या शेंगांनी, लगडलेला.

दीपमाला, शामराव आणि मी त्याच्याकडे गेलो. देवाजी माझ्याच वयाचा, पण वाळलेल्या बाभळीसारखा ताठ. तो धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून विडी ओढत होता.

"जागा घ्या," तो म्हणाला. "फुकट घ्या. जागेचं काई नाई. माहा जीव या हरभऱ्यात हाय. औंदा घाटा पाहा कसा लागला. रोज दिवेलागणीले डुकरं येऊन धुऱ्यावर उभी राह्यतेत. मी तर तारेत करंट सोडनार होतो."

"देवाजीकाका, तो गुन्हा आहे," दीपमाला म्हणाली. "आणि असं काही केलं तर वनखातं मेळाव्यात पाऊल ठेवणार नाही."

"मंग फटाके लावतो."

"तेही नाही."

"जाळं?"

"काका!"

"मंग काय डुकराच्या पाया पडू? या म्हणू, पाट टाकला हाय, जेवून जा?" देवाजीने विडी विझवली. "ठीक हाय. तुमचा मेळावा, तर राखण बी तुमची. रातची जागल मी करतो. पण दिवेलागणीपासून मी जेवून येतो तोवर मचाणावर तुमचा मानूस पायजे. मेळाव्याच्या आंधी हरभऱ्याचं एक झाड जरी मोडलं, तर मी जागेत ट्रॅक्टर घालतो. मांडव असो का मंत्री असो."

शामरावांनी घसा साफ केला. "तसं झालंच तर इचोड्याला हमरस्त्यालगत एक जागा माझ्या ओळखीची आहे. तिथे मग हे वन्यजीव वगैरे काढून टाकू. फर्निचरचे स्टॉल, सोफासेट, आकाशपाळणा. गर्दी भरपूर होते."

मी दीपमालाकडे पाहिलं. त्या सभेच्या आधीपासून ती वर्षभर दोन खात्यांच्या दारात उभी राहून आली होती. शाळा सुटली की स्कूटीवर बोथ, तिथून इचोडा, तिथून परत. तिचा चेहरा पडला. तिला ओरडा बसला की शाळेतही तो असाच पडायचा.

"राखू," मी म्हणालो.

अध्यक्ष म्हणून माझ्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द, आणि तो नेमका सगळ्यांना ऐकू गेला.

*

स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीपमालाने पाळ्या लावल्या. लगेच हात जोडलेली चित्रं येऊ लागली. एकाकडे सासू आली होती. एकाला सापाची भीती होती. हर्षदीप नावाचा एक उत्साही कारकून, ज्याने सभेत सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या, त्याने लिहिलं की तो मनाने मचाणावरच असेल. शेवटी त्या ग्रुपवर हात न जोडलेला मी एकटाच उरलो, कारण मला ते चित्र कुठे असतं ते सापडलं नव्हतं.

तेव्हा मी गेलो. स्वेटर, मफलर, टॉर्च आणि एक पुस्तक.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जागलीवरचा माणूस थोड्या थोड्या वेळाने हाळी देतो. हुर्र करतो, कोण आहे म्हणून विचारतो. पलीकडच्या वावरातला त्याला ओ देतो, मग तो पुढच्याला हाळी देतो. अशी ती हाळी वावरावावरांतून जंगलाच्या काठाने फिरत राहते. त्याने जनावर दूर राहतं, आणि माणूस जागा आहे, धडधाकट आहे, हेही कळतं. कोणी ओ दिली नाही, तर शेजारच्यांनी काठ्या घेऊन धावत जायचं. साप चावला असेल, डुकराने फाडला असेल. यात कुचराई कोणी करत नाही.

मला ही रीत ठाऊक होती. लहानपणी वडिलांबरोबर दुसऱ्याच्या वावरात जागलीला जायचो तेव्हाची. पण ठाऊक असणं वेगळं.

देवाजीच्या वावराच्या जंगलाकडच्या बाजूला रेणुकाबाईंचा मका होता, आणि त्याला लागून बंडूची ज्वारी. अंधार पडताच रेणुकाबाईंची हाळी आली. त्या नवऱ्यामागे एकट्या वावर सांभाळतात आणि त्यांचा आवाज बोथच्या बाजारात भाव पाडतो असं लोक म्हणतात.

"हुर्रऽऽ होऽऽ! देवाजीच्या वावरात कोन हायऽऽ?"

मी पुस्तकात बोट ठेवलं आणि ओ दिली. मग पुन्हा हाळी, जरा घाबरी. मी पुन्हा ओ दिली. आणि मग मका सळसळला, दोन टॉर्च नाचत आले, आणि मचाणाखाली रेणुकाबाई कुऱ्हाड घेऊन आणि बंडू काठी घेऊन उभे.

"सर! जित्ते हा ना?"

"हो, हो. नमस्कार."

"काऊन ओ देल्ली नाई?"

"दिली," मी म्हणालो. "दोनदा दिली."

"कोनाले देल्ली? हरभऱ्याले?"

बंडू हसला. तो तरुण बाप्या आहे, घरी दोन लहान पोरी. "सर, तुमच्या शाळेत पोरं हजेरी कशी देत होते मंग? तुमी बोलवत होते ते तरी समजत होतं का त्याइले?"

ते गेले. थोड्या वेळाने पुन्हा हाळी आली. मी या वेळी उभा राहून ओ दिली. ते पुन्हा आले. रेणुकाबाईंना धाप लागली होती. मला इतका संकोच वाटला की मी मचाणावरून उतरून त्यांना माझ्या थर्मासमधला चहा दिला. ही माझी चूक झाली असावी. कारण दुसऱ्या दिवशी ओ आली नाही तेव्हा ते कपच घेऊन आले.

तिसऱ्या संध्याकाळपासून तो नेमच पडला. रेणुकाबाई हाळी द्यायच्या, मी ओ द्यायचो, ती कोणाला ऐकू जायची नाही. मग पलीकडच्या वावरांतलेही जागली यायचे, की काय झालं बावा एवढे लोक जमले. मचाणाखाली शेकोटी पेटू लागली. दीपमाला तिथेच येऊन मेळाव्याची कामं वाटू लागली. मांडव कोण घालणार, पाण्याच्या टाक्या कोण आणणार, हे सगळं माझ्या न ऐकू जाणाऱ्या ओमुळे ठरलं. एवढ्या गलक्यात डुक्कर कशाला येतंय? हरभऱ्याचं पानही हललं नाही.

"अध्यक्ष असावा तर असा," देवाजी जेवून आल्यावर म्हणायचा. "वावरात जत्रा भरवली मानसानं."

हे श्रेय आपलं नाही, हे सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर मोठ्याने सांगावं लागलं असतं.

*

मग एके सकाळी रेणुकाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात कुरतडलेलं मक्याचं कणीस.

"हे पाहा सर. मी तुमच्या इथं च्या पेऊन राह्यली, अन् डुकरं माह्या इथं जेवून राह्यले."

बंडूचीही ज्वारी तुडवली गेली होती. देवाजीचा हरभरा वाचवायला सारी जागल देवाजीच्या वावरात येऊन बसली होती, आणि बाकीची वावरं उघडी.

"दोष माझा आहे," मी म्हणालो.

"दोषाचं मी काय करू? भाजून खाऊ? तुमी ओरडाले शिका!"

त्या भल्या बाईने मला भर दुपारी वावरात नेऊन शिकवलं. मेळाव्याला थोडेच दिवस उरले होते.

"पोटातून काढा सर. गळ्यातून नाई. पोटातून."

मी पोटातून काढलं. धुऱ्यावर बसलेला बगळा बसूनच राहिला.

"कोनाचा तरी राग आना मनात. कोनाचा राग येते तुमाले?"

मी विचार केला. "तसा कोणाचा नाही."

"शामराव सायबाचा बी नाई? मेळावा इचोड्याले न्यून राह्यले ते!"

"त्यांचंही काही अंशी बरोबर असतं."

रेणुकाबाई कपाळाला हात लावून खाली बसल्या. "हा मानूस डुकराले बी म्हनन, या, तुमचं बी काई अंशी बरोबर हाय."

शेवटी तोड काढली ती बंडूने. तो म्हणाला, "सरांपुरती रीत उलटी करू. बाकी कोनी ओ देल्ली नाई तर धावाचं. सर चूप हात, म्हंजे सर बरे हात, आपन आपलं वावर सोडाचं नाई. अन् ज्या दिवशी सर ओरडन, त्या दिवशी समजाचं का काईतरी भयंकर झालं. मंग हातातलं टाकून सारे या."

सगळ्यांना हे फार सोयीचं वाटलं. मलाही आधी वाटलं. मचाणावर चढल्यावर लक्षात आलं, की आता मी अगदी एकटा आहे, आणि गप्प बसणारा राखणदार असणं आणि नसणं डुकरांच्या दृष्टीने सारखंच. पहिल्या संध्याकाळी ती जंगलाच्या कडेला दिसली. दुसऱ्या संध्याकाळी पडीक जागेच्या टोकाला. मी खोकलो की थांबायची, माझ्याकडे पाहायची, आणि जरा पुढे यायची.

*

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मांडव उभा राहिला. प्रवेशद्वारावर शाळेच्या मुलांनी केलेला पुठ्ठ्याचा वाघ. एका बाजूला वनखात्याने आणून टांगलेले वाघ, अस्वल, निलगाय यांचे फोटो. दुसऱ्या बाजूला पिकांची स्पर्धा. लोकांनी टोपल्या भरून रताळी, भोपळे, भुईमूग, हळद, कणसं आणून ठेवली होती, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावून. ही मांडणी शामरावांकडे होती आणि ती त्यांनी सुरेख केली होती, हे मान्य करायला हवं. त्यांच्या परसातला लाल भोपळा मधोमध, उंचावर होता.

"रात्रीपर्यंत इथे कोणी बसावं का?" मी त्यांना विचारलं.

"रताळी कोण चोरतो हो?" असं म्हणून ते जेवायला गेले.

मी मचाणावर चढलो. सकाळपर्यंतचाच प्रश्न होता. माझी पाळी तर देवाजीचं जेवण होईपर्यंतच. मी पुस्तक उघडलंच नाही.

दिवेलागण झाली आणि ती आली. एक मोठी मादी पुढे, मागे तीन-चार मोठी, आणि पायांतून पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. पडीक जागेतून सरळ धुऱ्यापर्यंत. मी खोकलो. मी टॉर्च मारला. मादीने उजेडाकडे पाहिलं, बल्ब किती व्होल्टचा आहे याचा अंदाज घेतल्यासारखं, आणि एक पाय धुऱ्यावर ठेवला.

मला खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मनात आलं, मी ओरडलो की सगळे आपापली वावरं सोडून धावत येतील. पुन्हा रेणुकाबाईंचा मका, पुन्हा बंडूची ज्वारी. एका माणसाच्या हरभऱ्यासाठी हे योग्य आहे का? दुसरीकडे दीपमाला. उद्या सकाळी ती नवी साडी नेसून येईल आणि इथे ट्रॅक्टर चालू असेल. आणि 'राखू' हा शब्द मीच दिला होता. मी दोन्ही बाजू तोलत होतो, तेवढ्यात मादीने दुसरा पाय धुऱ्यावर ठेवला आणि नाक हरभऱ्याच्या पहिल्या तासाकडे, म्हणजे ओळीकडे, नेलं.

तेव्हा माझ्या पोटातून काहीतरी निघालं. मला हुर्र म्हणायचं होतं. निघालं ते भलतंच.

"अहोऽऽऽ!" मी ओरडलो. "अहोऽऽ! थांबाऽऽ!"

तो आवाज माझा आहे हे मला आधी कळलं नाही. तो जंगलावर आपटून परत आला तेव्हा मी स्वतःच दचकून मचाणाचा खांब धरला. मादी जागच्या जागी वळली. आणि त्याच क्षणी जंगलाच्या बाजूने सगळी रानं पेटल्यासारखी झाली. टॉर्च, काठ्या, कुऱ्हाडी, "सर मेले, सर मेले" असा कालवा. बंडू सगळ्यांच्या पुढे.

डुकरांचा परतीचा रस्ताच बंद झाला. हरभऱ्याच्या बाजूला मी ओरडत होतो. आता सुरू झाल्यावर मला थांबता येईना. उरली ती एकच दिशा. सगळा कळप धुऱ्याधुऱ्याने पळाला, पुठ्ठ्याच्या वाघाच्या पोटाखालून गेला, आणि मांडवात शिरला.

रेणुकाबाई धापा टाकत मचाणाखाली आल्या. मी धडधाकट आहे हे पाहून त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"सर," त्या म्हणाल्या, "डुकराले अहो-जाहो कोनी करते का?"

मांडवातून टोपल्या पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कचकच, कचकच. आत जायची कोणाची छाती होईना. पिल्लांसोबतची मादी म्हणजे खेळ नाही. शेवटी ती आपणच निघाली, सावकाश, पोटं भरलेली.

*

देवाजी अर्ध्या जेवणावरून उठून आला होता. टॉर्च घेऊन हरभऱ्यात शिरला आणि एकेक तास पाहत गेला. आम्ही धुऱ्यावर उभे. दीपमालाही धावत आली होती, पायात एकच चप्पल. तिने माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखत होतं.

देवाजी परत आला. "एक बी झाड मोडलं नाई," तो म्हणाला.

तोवर गलका ऐकून परतलेले शामराव मांडवातून बाहेर आले, हातात आपला भोपळा. "सगळं संपलं! रताळी नाहीत, कणसं नाहीत. मेळावा रद्द! मी उद्याच इचोड्याला फोन करतो."

"काऊन रद्द?" देवाजी म्हणाला. "जागा माही, हरभरा उभा हाय. मी म्हनलो होतो, झाड मोडलं तर ट्रॅक्टर. मोडलं नाई. आता तुमाले मेळावा करावाच लागते. शब्द म्हंजे शब्द."

सकाळी वनखात्याचा बीट अधिकारी आला. तेलुगू माणूस, आमच्याशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारा. मांडवातला विध्वंस पाहून मी त्याच्यापुढे उभा राहिलो, अध्यक्ष म्हणून माफी मागायला. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो गुडघ्यांवर बसून जमीन पाहत होता.

"सारू, चुना हाय का, चुना? जल्दी! यहाँ कोई चलना नहीं!"

त्याने प्रत्येक खुराभोवती चुन्याची रिंगणं काढली. ही मादी, हे पिल्लू, इथे नाकाने उकरलं, इथे दात लागला. फोटोंकडे त्याने पाठच फिरवली. "फोटो तो सब जगह रहता. ये ओरिजिनल हाय, सारू."

आणि लोक आले. पार वांकिडीहून आले, कारण डुकरांनी मेळावा खाल्ला ही बातमी हर्षदीपने ग्रुपवर टाकली होती. वनखात्याचे लोक खूर दाखवत होते, शेतकी खात्याचे लोक त्यांच्या शेजारी उभे राहून कोणतं पीक किती खाल्लं ते सांगत होते. दोन्ही खाती एका जमिनीकडे वाकून बोलत होती. दीपमाला ते पाहत नुसती उभी होती.

अडचण आली ती बक्षिसाची. बोथहून आलेल्या परीक्षकांपुढे रिकाम्या टोपल्या होत्या. एक जण हळूच म्हणाला, स्पर्धा पुढल्या वर्षी घेऊ.

"पुढल्या वर्षी काऊन?" रेणुकाबाई पुढे झाल्या. "निकाल तर लागला! पाहा माही टोपली. एक रताळं ठेवलं नाई, टोपलीची काडी बी चघळली. अन् तिकडे पाहा, त्याइचे रताळे अर्धे टाकून देल्ले."

लोक हसले, पण मग हळूहळू विचार करू लागले. दरवर्षी कुठल्याही स्पर्धेत परीक्षक कोणाचा साडू निघतो, कोणाचा व्याही. डुकरांचं गावात कोणाशी नातं नव्हतं. त्यांच्यावर चिठ्ठ्यांचाही परिणाम झालेला नव्हता. चिठ्ठ्या त्यांनी खाल्ल्याच होत्या. परीक्षक टोपल्यांतली उरलीसुरली साल पाहत फिरले आणि निकाल तयार झाला. रेणुकाबाई पहिल्या. शामरावांचा भोपळा हुंगून बाजूला लोटलेला होता, त्यावर नाकाचा मातकट ठसा होता. शामरावांनी माइक घेऊन, आपण या स्पर्धेसाठी मुळातच उत्सुक नव्हतो, हे बराच वेळ सांगितलं.

*

मेळावा मोडल्यावर, मांडवाचे बांबू निघत असताना, देवाजीने मला खुणेने बाजूला बोलावलं. मला वाटलं तो शाबासकी देणार.

"सर, तुमी माहं नुकसान केलं."

"पण एक झाडही..."

"तेच म्हनून राह्यलो! दिवसभर लोक इचारून राह्यले, देवाजी, तुह्या हरभऱ्याले काऊन तोंड नाई लावलं? बाजूलेच तर होता! रेणुकेचे रताळे काडीसगट खाल्ले, अन् माह्या हरभऱ्याकडे पाह्यलं बी नाई." त्याचा आवाज खरोखर कापत होता. "एक जन म्हनला, कडू असन."

"पण मी त्यांना थांबवलं होतं," मी म्हणालो.

"हे लोकाइले कोन सांगन? तुमी?"

त्याचं बरोबर होतं.

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला हरभऱ्याच्या टोकाला नेलं. चार-पाच झाडं उपटली, घाट्यांसकट, आणि धुऱ्यापलीकडे जंगलाच्या बाजूला नीट मांडली, पाहुण्याला ताट वाढावं तशी. आम्ही दोघं तुरीच्या खुंटांआड बसलो. अंधारून येत होतं.

"हालू नका," तो कुजबुजला. "तुमाले चूप बसता येते म्हनून आनलं."

खूप वेळ काही झालं नाही. माझा पाय बधिर झाला. मग मादी आली, एकटीच. झाडांपाशी थांबली. हुंगलं. देवाजीने माझा दंड घट्ट धरला. ती मान वर करून उभी राहिली, मग खाली वाकली आणि घाटे फुटल्याचा कुरकुर आवाज आला. एक झाड, दुसरं, तिसरं. देठंसुद्धा.

"खाल्ला," देवाजी म्हणाला. त्याने डोळे पुसले. "पाहा कसा खाऊन राह्यली. पाहा सर."

सगळी झाडं संपवून ती धुरा ओलांडून सरळ उभ्या हरभऱ्यात शिरली. मागून पिल्लंही आली.

"सर," देवाजी घाईने कुजबुजला. "आता ओरडा."

"मी ओरडलो तर सगळे धावत येतील," मी कुजबुजलो. "आणि ही उपटलेली झाडं पाहतील. तुम्हीच हाकला ना."

"माहा आवाज सारे ओळखतेत! देवाजीनं डुकरं जेवाले बोलावले म्हनतीन."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पलीकडून रेणुकाबाईंची हाळी आली, बंडूने ओ दिली, आणि मी गप्प असल्यामुळे सगळं ठीक आहे असं समजून ती हाळी पुढच्या वावराकडे निघून गेली.

"एवढा तास खाऊ दे," देवाजी थोड्या वेळाने म्हणाला, आणि आम्ही दोघं श्वास रोखून ती कुरकुर ऐकत बसलो.